साहित्य वाटले, पण त्याचे म्हणणे कळले का?

दिव्यांगांना साहित्यवाटपाचे शिबिर म्हटले की काय काय होते, ते जिल्ह्यातल्या कोणाला सांगावे लागत नाही. पंचायत समितीच्या आवारात मांडव पडतो. तपासणी एका दिवशी होते, वाटप काही महिन्यांनी. तीनचाकी सायकली रांगेने उभ्या, श्रवणयंत्रांचे डबे टेबलावर, कुबड्या एका कोपऱ्यात. पाहुण्यांच्या हस्ते वाटप होते, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा येतो की इतक्या लाभार्थ्यांना इतक्या रकमेचे साहित्य. हा आकडा खोटा नसतो. प्रश्न आहे तो त्या आकड्यात कधीच न येणाऱ्या माणसाचा.

हा माणूस तिशीतला, चाळिशीतला असतो. जन्मापासून बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता. पुष्कळदा चालता-फिरता येते, गोठ्यातले चार काम तो करतोही. पण बोलता येत नाही, किंवा बोललेले घराबाहेर कोणाला उमगत नाही. त्याला सायकल नको, काठी नको. त्याला पाहिजे आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचवायचे साधन. शिबिरात त्याचा दाखला बघतात, टक्केवारी बघतात आणि ‘याला काय द्यायचं?’ असे एकमेकांना विचारतात. मग हाताशी असेल ते देतात, नाही तर झेरॉक्स ठेवून घेऊन परत पाठवतात.

आजवर हे चालून गेले ते आईच्या जिवावर. तो मान कशी फिरवतो, कुठला आवाज भुकेचा आणि कुठला पोटदुखीचा, हे आईला कळते. आई थकली, गेली, की घरात त्याची भाषा जाणणारे कोणी उरत नाही. आणि नेमका तेव्हाच कागदांचा फेरा सुरू होतो. बाप आधी गेलेला असतो, आईमागे वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे जातो. (आता पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले, पण गावात तलाठीच म्हणतात.) सातबारावर भावांबरोबर त्याचेही नाव चढते. वर्ष-दोन वर्षांनी हक्कसोडपत्राची गोष्ट निघते. ‘त्याला काय कळतंय, घ्या अंगठा’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा ग्रामसेवक किंवा पोलीस पाटील सापडणे कठीण. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. इथे न बोलणाऱ्याची मातीच खपून जाते, आणि ती त्याच्या नावावरची असते.

म्हणून संवादाच्या साधनाची पारख हा काही शहरातल्या तज्ज्ञांचा हौसेचा विषय नाही. आपण मोटार घेताना विहिरीला पाणी किती, उपसा किती फुटांचा, लाईट किती तास, हे बघूनच किती अश्वशक्तीची घ्यायची ते ठरवतो. शेजाऱ्याने पाचची घेतली म्हणून आपणही पाचची घेत नाही. माणसाचे तोंड होऊ पाहणारी वस्तू मात्र दहा मिनिटांत, मांडवात, यादीवरून ठरते.

मुळात मोजमाप कशाचे होते ते बघा. दाखल्यावर आणि युडीआयडी कार्डावर येतो तो टक्का. बुद्ध्यंक आणि दैनंदिन वागणूक यांच्या चाचण्यांवरून तो निघतो. निराधार योजनेला, एसटीच्या सवलतीला तो लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण ७५ टक्के या आकड्यातून त्या माणसाला तहान लागल्यावर तो काय करतो हे कळत नाही. काय नाही ते कागद सांगतो. काय आहे ते विचारायला कागदावर रकानाच नाही.

दुसरी अडचण वयाची. जिल्हा रुग्णालयातले शीघ्र हस्तक्षेप केंद्र १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक शाळेतल्या मुलांसाठी. म्हणजे मूल आहे तोवर निदान कोणीतरी बघते. अठरा पूर्ण झाली की तपासणारा माणूस संपतो, आणि नेमके तेव्हापासून सही-अंगठ्याचे व्यवहार सुरू होतात. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यांतले सुमारे २९.६ लाख महाराष्ट्रात. यातल्या ज्या प्रौढांना बोलता येत नाही, त्यांच्यापैकी किती जणांची संवादाच्या दृष्टीने एकदा तरी नीट तपासणी झाली असेल, हे कोणत्याही तालुक्याच्या दप्तरात बघावे. बहुतेक ठिकाणी फाईलच निघणार नाही.

आता साधने कोणती? नाव ऐकून बिचकायचे कारण नाही. साधे साधन म्हणजे चित्रांचा तक्ता. पाणी, भाकरी, संडास, दुखते, नको अशी चित्रे. तो बोट ठेवतो, समोरच्याला कळते. हात चालत नसेल तर नजरेने दाखवतो. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर कडेने चित्रे लावतात, पलीकडून त्याची नजर कुठे जाते ते बघता येते. त्याच्या पुढचे म्हणजे बटण दाबले की आधी भरून ठेवलेले वाक्य बोलणारा डबा. त्याच्याही पुढे मोबाईल. मुंबईच्या आयआयटीने केलेले ‘जेलो’ फुकट मिळते आणि त्यात मराठी आहे. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ २०१० च्या सुमारास स्वतंत्र यंत्र म्हणून आले, पुढे मोबाईल-टॅबवर गेले. साधन जुळले तर माणूस कुठे पोचतो, याचे उदाहरण मुंबईच्या मालिनी चिब यांचे. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांचे बोलणे बहुतेकांना समजत नाही. एका करंगळीने त्या टाईप करतात, यंत्र ते वाचून दाखवते. याच करंगळीवर त्यांनी लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि २०१० साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, म्हणजे घरात जाणते माणूस होते, हे खरे. गावातल्या प्रत्येक घरात असे माणूस कुठून येणार? म्हणूनच तपासणीची सोय सरकारी दारातून व्हायला पाहिजे.

तपासणी म्हणजे काय करायचे? पहिली पायरी यंत्राची नाहीच. आज हा माणूस कसे कळवतो ते घरच्यांकडून लिहून घ्यायचे. नको असेल तर काय करतो, मदत हवी असेल तर कोणाचा हात ओढतो, एखादी वस्तू आवडली तर ती पुन्हा कशी मागतो. अमेरिकेत ‘कम्युनिकेशन मॅट्रिक्स’ नावाची प्रश्नावली याच तत्त्वावर बांधलेली आहे. नुसती कुरकुर, मग हातवारे, मग चित्र, मग शब्द अशा सात पायऱ्या, आणि माणूस कोणत्या पायरीवर आहे ते नोंदवायचे. ज्याला चित्र म्हणजे वस्तूची खूण हेच अजून उमगले नाही, त्याच्या हातात ६० चित्रांचा मोबाईल देऊन उपयोग नाही. त्याला खरी वाटी, खरी चप्पल हातात देऊनच सुरुवात करावी लागते. उलट ज्याला वाचता येते त्याला चार चित्रांवर बसवणे हाही अन्यायच.

त्यानंतर डोळे आणि कान. ही साधी गोष्ट सर्रास राहून जाते. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत ऐकण्याचा दोष पुष्कळ आढळतो. त्याला ‘कळत नाही’ असे वीस वर्षे समजले जाते आणि असते काय, तर ऐकूच नीट येत नाही. मग हात. बोट एका जागी स्थिर राहते का, किती मोठ्या चौकोनावर नेम बसतो, बसवल्यावर मान तोलते का. खुर्चीला आधाराची एक फळी लावली की ज्याचा हात चालत नव्हता त्याचा चालू लागतो, असेही होते.

चित्रांचे तर विचारूच नका. बाहेरून आलेल्या संचात सोफा असतो, ब्रेड असतो, बाथटब असतो. भाकरी नाही, गोठा नाही, बैल नाही, देव्हारा नाही. ज्या माणसाने आयुष्यात सँडविच पाहिले नाही त्याने त्यावर बोट ठेवले नाही, तर ‘याला समजत नाही’ असा शेरा पडतो. भाषेचेही तेच. घरात अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलत असतील आणि यंत्रातून पुस्तकी मराठी येत असेल, तर ते त्याच्या कानाला परके. आणि माणूस पस्तिशीचा असेल तर त्याला ससुल्या आणि फुगा कशाला? त्याला ‘पैसे’, ‘बाजार’, ‘औषध’, ‘मला जायचं नाही’, ‘माझं आहे’, ‘त्याने मारलं’ हे शब्द लागतात. शेवटचा शब्द वाचून काहींना खटकेल. पण ज्याला सांगता येत नाही त्याच्यावरच हात उचलला जातो, आणि तक्त्यावर तो शब्द नसेल तर सांगायची वाटच नाही.

दोन गैरसमज घरोघर भेटतात. एक, ‘आधी जरा शहाणा होऊ दे, मग देऊ.’ साधनासाठी अमुक बुद्ध्यंक लागतो असा नियम कुठेही नाही. प्रत्येकाच्या पायरीला काहीतरी बसते. दुसरा, ‘चित्र दिलं तर तोंडाने बोलायचं ते पण सोडेल.’ याची तपासणी झालेली आहे. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्यांचा पुरावा भक्कम होता अशा २७ जणांमध्ये साधन दिल्याने एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते. उलट बहुतेकांचे थोडेफार वाढले होते.

एवढे झाले की साधन घरी नेऊन काही आठवडे वापरून बघायचे. मांडवात नव्हे, चुलीपाशी, गोठ्यात, ओट्यावर. उन्हात मोबाईलची काच दिसते का, लाईट गेल्यावर चार्जिंग पुरते का, वहिनीला आणि पुतण्याला ते वापरता येते का. १९९३ साली अमेरिकेत वेगवेगळ्या अपंगत्वाच्या २२७ प्रौढांना विचारून एक अभ्यास झाला. त्यात सर्व प्रकारची साधने धरली होती, केवळ बोलण्याची नव्हे. २९.३ टक्के साधने वापराविना टाकून दिलेली निघाली. कारणे वाचण्यासारखी आहेत: निवडताना वापरणाऱ्याचे मत घेतले नव्हते, साधन नीट चालत नव्हते, गरज बदलली होती, आणि साधन फार सहज मिळाले होते. हे शेवटचे कारण आपल्या शिबिरांना तंतोतंत लागू पडते. घरोघरच्या माळ्यावर वाटपातल्या वस्तू किती पडून आहेत ते कोणीही जाऊन पाहावे.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. साधनातून आलेले शब्द नक्की कोणाचे? ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका रुग्णालयात १९७७ साली एक पद्धत सुरू झाली. न बोलणाऱ्याचा हात मदतनीस धरतो आणि तो माणूस अक्षरांवर बोट ठेवतो. १९९० नंतर ती अमेरिकेत वणव्यासारखी पसरली. ज्यांना काहीच येत नाही असे समजत होते ते लांबलचक वाक्ये लिहू लागले. आईबापांच्या डोळ्यांत पाणी आले. मग न्यूयॉर्क राज्यातल्या एका केंद्रात साधी चाचणी झाली. निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. १२ जण आणि त्यांचे ९ मदतनीस. एकाच वेळी त्या माणसाला एक चित्र दाखवायचे आणि मदतनिसाला कधी तेच, कधी वेगळे, कधी कोणतेच नाही. चित्रे वेगळी असली की उत्तर मदतनिसाच्या चित्राचे यायचे. मदतनिसाने पाहिले नसलेले चित्र १२ पैकी एकालाही सांगता आले नाही. मदतनीस लबाड नव्हते. आपलाच हात चालतो आहे हे त्यांना स्वतःला कळत नव्हते. १९९४ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही असा ठराव केला. तोपर्यंत त्या पद्धतीने ‘लिहिलेल्या’ आरोपांवरून काही घरे उद्ध्वस्त झाली होती.

आपल्याकडे हात धरून टाईप करणारे नसतील, पण हात धरून अंगठा लावणारे आहेत. म्हणून ही चाचणी गावातल्या अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे, आणि तिला यंत्र लागत नाही. मदतीला आलेल्या नातेवाइकाला जरा बाहेर पाठवा. त्या माणसाला एखादी वस्तू दाखवा, समजा कुलूप. नातेवाइकाला आत बोलवा आणि काय दाखवले ते तक्त्यावरून विचारा. उत्तर त्याचे असेल तर कुलूपच येईल. असे चार-पाच वस्तूंवर करा.

दुसरी खबरदारी ‘हो’ची. बौद्धिक अक्षमता असलेली पुष्कळ माणसे मोठ्या माणसाने विचारले की होच म्हणतात. १९८१ मधील अमेरिकी अभ्यासातही हेच दिसले होते. त्यात साहेब, सरपंच समोर बसलेले, मग तर बघायलाच नको. ‘जमीन भावाला द्यायची ना?’ याला हो आले, तर थोड्या वेळाने ‘जमीन तुझ्याकडेच ठेवायची ना?’ असे विचारा. दोन्हींना हो आले तर पहिल्या होला अर्थ नाही. होय-नाहीपेक्षा निवड देणे चांगले. स्कॉटलंडमध्ये १९९८ पासून ‘टॉकिंग मॅट्स’ ही पद्धत वापरतात: एका पट्टीवर आवडते, सांगता येत नाही, नको असे तीन भाग, आणि माणूस एकेक चित्र त्याला वाटेल त्या भागाखाली ठेवतो. हे आपल्याकडे गोणपाटावरही करता येईल.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे, फक्त तो गावापर्यंत उतरलेला नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच खुणा, चित्रे, सोपी भाषा आणि बोलण्याला पर्यायी साधने येतात. कलम १३ प्रमाणे दिव्यांगांना मालमत्ता धारण करण्याचा आणि वारसाहक्काने मिळवण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. त्याच कलमात असेही आहे की मदत करणाऱ्याचा एखाद्या व्यवहारात स्वतःचा हितसंबंध असेल, तर त्या व्यवहारात त्याने मदतनीस म्हणून राहायचे नाही. ज्याच्या नावे हक्क सुटतो आहे, त्याच भावाने ‘हा असं म्हणतोय’ म्हणून सांगायचे, हे या कलमात बसत नाही.

पालकत्वाचाही घोळ आहे. अज्ञान वारसाचे वय अठरा झाले की सातबारावरचा ‘अ.पा.क.’ निघतो, बौद्धिक अक्षमता असली तरी आईबाप आपोआप पुढचे कायदेशीर पालक होत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांना हा कायदा लागू आहे. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दरवर्षी हिशोब. २०१६ च्या कायद्यातले पालकत्व तर मर्यादित आहे: ठरावीक निर्णयापुरते, आणि दोघांनी मिळून, त्या माणसाच्या इच्छेप्रमाणे. इच्छा कळायला साधन पाहिजे, म्हणजे गाडी पुन्हा तिथेच येते.

न्यायालयांनी असे म्हणणे मानले आहे. २००९ साली चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीचा गर्भपात करावा, असा आदेश खालच्या पातळीवर झाला होता. तिचे स्वतःचे म्हणणे तज्ज्ञांनी विचारून नोंदवले होते, ते मूल ठेवण्याचे होते. सर्वोच्च न्यायालयाने तेच ग्राह्य धरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, तोंडाने बोलू न शकणाऱ्याची साक्ष खुणांनी किंवा लिहून घेता येते. दुभाषा किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि जबाबाचे चित्रीकरण करायचे, अशी तरतूद आहे. गुन्ह्याचा जबाब घेताना पोलीस पाटलांनी ठाण्याला याची आठवण द्यायला हरकत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. उत्पन्न चार लाख असेल तर वीस हजार. बऱ्याच ठिकाणी मार्चच्या तोंडावर ते सारखे वाटून टाकतात, कारण वाटप सोपे आणि तक्रार कमी. त्यातून माणशी काही शे रुपये पडतात. दहा-बारा गावांनी मिळून याच पैशातून वाचा-उपचारतज्ज्ञाला वर्षातून दोनदा बोलावले तर न बोलणाऱ्या सगळ्या प्रौढांची तपासणी होईल. तालुक्याला असा तज्ज्ञ नसतो हे खरे. पण पशुवैद्यकीय शिबिराला डॉक्टर बाहेरून येतोच ना? लॅमिनेशन केलेला तक्ता तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात काही शे रुपयांत होतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात उपचारपद्धतींचा खर्चही काही मर्यादेत बसतो. त्याचे अर्ज भरून घेणे हे आशाताई आणि ग्रामसेवक यांच्या आवाक्यातले काम आहे.

केंद्राच्या एडिप योजनेतून, जी १९८१ पासून चालू आहे, यापुढेही शिबिरे होतील. तेव्हा ग्रामसभेने आपल्या गावची यादी पाठवताना नावासमोर टक्केवारीबरोबर आणखी चार रकाने भरून द्यावेत: आज कसे कळवतो, दिसते-ऐकू येते का, घरात कोणती भाषा बोलतात आणि त्याची खूण घरातल्या कोणाकोणाला कळते. शेवटच्या रकान्यात एकाच माणसाचे नाव आले, आणि ते साठीच्या पुढचे असले, तर ती तपासणी आधी करून घ्यावी.